कांदा चढला की पनीर

देशाचा अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला दिल्लीत मांडतात. आमच्या वरच्या खोलीतला अर्थसंकल्प नेप्तीच्या उपबाजारात कांद्याचा लिलाव उरकला की त्याच संध्याकाळी मांडला जातो. त्यावरची चर्चा फार लांबत नाही. एक तर चर्चेला चहा लागतो, चहाला पैसे लागतात; आणि दुसरं म्हणजे मेस साडेनऊला बंद होते.

वरची खोली म्हणजे सावेडीतल्या आमच्या घराची, गच्चीला लागून असलेली खोली. चार कॉट, दोन टेबलं, एक पंखा आणि भिंतीतल्या खिळ्याला सुतळीने टांगलेली एक वही. भाडं मी कॉटवर घेतो, लाइटबिलाला सबमीटर आहे आणि खोलीत शेगडी लावायची नाही असा नियम आहे. नियम आहे, एवढंच मी म्हणतो. रात्री अकराला वरून लसणाच्या फोडणीचा वास येतो तेव्हा आमची ही म्हणते, "जोरात अभ्यास चाललाय वाटतं पोरांचा." मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेला माणूस. दुसऱ्याच्या हिशेबात डोकावणं हा माझा आयुष्यभराचा पगारी उद्योग होता. आता तो मी फुकट करतो.

सध्याच्या चौघांना नावं आहेत, पण ती कॉलेजच्या हजेरीपटावर. एरवी ते पारनेर, संगमनेर, श्रीगोंदा आणि पाथर्डी. "ए संगमनेर, तुझी बादली उचल," "पाथर्डी झोपलंय, आवाज नको," अशी भाषा. चौदा तालुक्यांचा, सतरा हजार चौरस किलोमीटरवर पसरलेला आमचा जिल्हा क्षेत्रफळात राज्यात पहिला. त्यामुळे आपल्याच जिल्ह्याच्या गावी शिकायला आलेल्या पोरालाही रोज घरी जाऊन येणं जमत नाही. ही जिल्ह्याची अडचण आणि आम्हा सावेडीतल्या घरमालकांची उपजीविका. २०२४ मध्ये नाव अहिल्यानगर झालं. मुलं अर्जावर ते न चुकता लिहितात आणि एसटीत कंडक्टरकडे "एक नगर" मागतात. शिकायला जागा कमी नाहीत. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळ्यांनी १९४७ मध्ये सुरू केलेलं अहमदनगर कॉलेज आहे, लाल टाकीचं न्यू आर्ट्स आहे, सारडा कॉलेज आहे. शिकण्याची सोय या शहराने पूर्वीच करून ठेवली. जेवणाची ज्याची त्याने बघायची आहे.

आपल्या नोकरदार डोक्यात विद्यार्थ्याच्या पैशाचं एक ठरलेलं चित्र असतं. एक तारखेला वडील पैसे पाठवणार, पंधरा तारखेला ते संपणार, मग उरलेले पंधरा दिवस पोरगं वडापाववर काढणार. हे चित्र पगारदाराच्या पोराचं. आमच्या वरच्या खोलीत चारपैकी एकाच्याही घरात पगार नाही, त्यामुळे तिथे एक तारखेला काहीही घडत नाही. सहा तारखेला मी भाडं मागायला जातो, तेव्हा चौघेही माझ्याकडे आदराने बघतात. तारखेवर पैसे मागणारा माणूस त्यांच्या ओळखीत मी एकटाच.

पारनेरचं वर्ष कांद्यावर चालतं. लाल कांदा थंडीत, गावरान उन्हाळ्यात. तो चाळीत ठेवला तर भावाची वाट बघत पावसाळा ओलांडतो. संगमनेरच्या घरी गाई आहेत आणि डेअरीचा पगार दर दहा दिवसांनी होतो, म्हणून खोलीतलं चलनी नाणं तोच. श्रीगोंद्याचे दोन आधार : ऊस आणि लिंबू. लिंबाला उन्हाळ्यात भाव चढतो, तेव्हा याची परीक्षा असते. म्हणजे ज्या दिवसांत खिशात पैसा खुळखुळतो त्याच दिवसांत बाहेर पडायला वेळ नाही. आणि पाथर्डीचे आईवडील ऊसतोडीला जातात. दोघांचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल मिळते ती पावसाळा सरता सरता, हंगामाआधी. त्यामुळे पाथर्डी दसऱ्याच्या सुमारास खोलीतला सर्वांत श्रीमंत आणि फेब्रुवारीत सर्वांत गरीब.

हे चार आर्थिक वर्षांचं कोष्टक मी एकदा निवांत बसून कागदावर मांडलं आणि लेखा विभागातल्या माणसाला होतो तो शुद्ध आनंद मला झाला. या खोलीत कुठल्याही महिन्यात चौघे एकदम कंगाल होऊ शकत नाहीत. दसऱ्याला उचल, थंडीत लाल कांदा, उन्हाळ्यात लिंबू, पुढे गावरान कांदा आणि बारा महिने दूध. गेल्या खेपेला तिघे नेवाशाचे होते, तिघेही उसाचे. कारखान्याचा हप्ता लांबला की तिन्ही कॉट एकाच वेळी बुडायच्या. ऊस गेल्यावर १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. ते तिघेही मला हा आदेश तोंडपाठ म्हणून दाखवत, आणि भाडं त्यानंतरच्या अमावास्येला देत. तेव्हापासून भाडेकरू ठेवताना मी बारावीचे मार्क विचारत नाही, पीक विचारतो.

खोलीचा एक अलिखित कायदा आहे : कांदा चढला की पनीर. म्हणजे कांद्याला बरा भाव मिळाला की पारनेरने रविवारी रात्री चौघांना पनीर खाऊ घालायचं, कारण रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. २०२३ च्या दिवाळीनंतर कांदा चांगला चढला होता. ऑगस्टातच सरकारने निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवलं होतं, तरी चढला. पारनेरच्या वडिलांचा लाल कांदा काढणीला आला होता. हॉटेल ठरलं, पनीर कढाई की पनीर मसाला यावर मतदान झालं, श्रीगोंद्याने त्या दिवशी दुपारी मेसला खाडा लावायचाही निर्णय घेतला. आणि ७ डिसेंबरच्या रात्री विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना निघाली : ३१ मार्च २०२४ पर्यंत कांद्याची निर्यात बंद.

दुसऱ्या दिवशी लिलाव बंद, रस्त्यावर शेतकरी, आणि पुढच्या काही दिवसांत भाव निम्म्याच्या आसपास. वरच्या खोलीत सुतक. मी सांत्वनाला वर गेलो, तर चौघे मोबाइलवर ती अधिसूचना वाचत बसले होते. श्रीगोंद्याचा बी.ए.ला विषय अर्थशास्त्र. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या पेपरला त्याला जेमतेम पास होण्यापुरते गुण होते. पण त्या रात्री किमान निर्यातमूल्य म्हणजे काय, बांगलादेशात आपला कांदा का जातो आणि निर्यात थांबली की सावेडीत पनीर कसं थांबतं, हे त्याने असं समजावलं की प्राध्यापकांनी त्याला जागच्या जागी डिस्टिंक्शन द्यावं. बंदी पुढे वाढली आणि ४ मे २०२४ ला उठली. तोवर परीक्षा आल्या होत्या. ते पनीर अजून येणं आहे; वहीत त्याची नोंद आहे.

त्याच हंगामात दूधही पडलं. सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर करावं लागलं, यावरून काय ते ओळखा. संगमनेर बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेऊन शिकतो. प्रयोगशाळेतलं टायट्रेशन त्याचं दर वेळी चुकतं, पण घरून फोन आला की पहिला प्रश्न "फॅट किती लागली?" साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफच्या खाली एकेक पॉइंट घसरला की आपल्या वाट्याचं काय कापलं जाणार, हे तो तोंडी सांगतो. पॉइंट दोन गेले तर शाम्पू. पाच गेले तर केस कापणं पुढच्या दहा दिवसांवर.

आता मेस. या विषयाला संथ लयीत हात घातला पाहिजे.

आमच्या गल्लीच्या टोकाला एका मावशींची मेस आहे. महिन्याचे अठ्ठावीसशे, दोन वेळचं जेवण, रविवारी दुपारी फीस्ट, रविवारी रात्री सुट्टी. फीस्ट म्हणजे पुरी, मटार-बटाटा आणि एक गुलाबजाम. तो गुलाबजाम एकच असतो याबद्दल मावशी इतक्या ठाम आहेत की नवीन मुलगा दुसरा मागायला गेला, तर जुनी मुलं त्याच्याकडे डोळे भरून बघतात. आपणही कधी असे निरागस होतो, हे त्यांना आठवतं.

मेसचं सगळं अर्थशास्त्र 'खाडा' या एका शब्दापाशी येऊन थांबतं. तुम्ही गावाला गेलात, जेवला नाहीत, तर तो खाडा. पण दोन दिवसांचा खाडा मावशी धरत नाहीत. सलग चार दिवस पाहिजेत, आणि आदल्या दिवशी सांगितलेलं पाहिजे. सरकारी रजेचे नियम मी पस्तीस वर्षं हाताळले. अर्जित रजा, परिवर्तित रजा, असाधारण रजा, सगळ्या पोटनियमांसकट. मावशींचा खाड्याचा नियम त्या सगळ्यांहून घट्ट विणलेला आहे. त्यातून सुटलेला मुलगा मी पाहिलेला नाही. प्रयत्न मात्र फार झाले. पारनेरने आजोबांच्या आजारपणाचा एक दिवस गावाकडच्या लग्नाला जोडून, त्याला शनिवार-रविवार लावून चार दिवस जमवले. मावशी म्हणाल्या, "रविवारी एकच टाइम असतो, तो अर्धा धरते. साडेतीन झाले. बस जेवायला." यावर कुठल्याही न्यायालयात अपील नाही.

मग खाड्याचे पोटधंदे निघतात. संगमनेर शुक्रवारी गावी गेला की त्याच्या नावावर त्याचा मित्र जेवतो. मावशींना हे कळतं. मावशींना सगळं कळतं. त्या फक्त त्या मुलाला आमटी वाढताना म्हणतात, "संगमनेर, लय काळवंडलास रे दोन दिवसांत." एवढ्यावर मिटतं. त्याहून पुढची योजना म्हणजे दोघांत एक डबा. पार्सल डब्यात चार पोळ्या, सुकी भाजी, वरण, भात येतो. दोन डबे चौघांनी घ्यायचे आणि भाताची भर खोलीत टाकायची. फोडणीचा वास येतो तो या भर टाकण्याचा. सबमीटरवर मला सगळं दिसतं. पण मावशींकडून मी एवढं शिकलो आहे की दिसलेलं प्रत्येक बोलायचं नसतं. युनिटचे पैसे लावायचे.

महिनाअखेर दोन मार्ग उघडतात. एक उपवासाचा. संकष्टी, एकादशी, गुरुवार, जे हाताशी असेल ते. पारनेर तर अण्णा हजारेंच्या तालुक्यातला. उपोषणाचं त्याला वावडं नाही. फक्त अण्णांचं उपोषण सुटावं म्हणून मंत्री येतात, याचं सुटावं म्हणून आमची ही साबुदाण्याची खिचडी घेऊन जिना चढते. दुसरा मार्ग शिवभोजन थाळीचा. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत सुरू झालेली ही थाळी : तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, शंभर ग्रॅम वरण, दीडशे ग्रॅम भात. मी बेरीज केली, चारशे दहा ग्रॅम. म्हणजे रुपयाला एक्केचाळीस ग्रॅम. हा दर मी मुलांना अभिमानाने सांगितला. पण त्यांच्या अडचणी निराळ्याच. थाळीची वेळ दुपारची, आणि नेमकी तेव्हाच प्रॅक्टिकल. शिवाय ॲपवर जेवणाऱ्याचा फोटो काढतात. श्रीगोंदा म्हणाला, "काका, फोटो काढत्यात राव. घरी पाच एकर ऊस हाय." पाथर्डी काही बोलला नाही. तो केस विंचरून जाऊन जेवून आला आणि म्हणाला, "वरण झ्याक होतं."

शिर्डीच्या प्रसादालयाचाही विचार एकदा झाला होता. जिल्ह्यातलंच, जेवण फुकट. पण नगर ते शिर्डी ऐंशी किलोमीटरच्या वर. जाण्यायेण्याच्या भाड्यात इथे चार वेळा मिसळ होते असं गणित निघालं, तेव्हा भक्ती मागे पडली.

पारनेरच्या जेवणाचा खरा कणा म्हणजे गावाकडचा डबा. आईने पहाटे केलेल्या भाकरी, ठेचा आणि मटकीची उसळ सकाळच्या एसटीत ड्रायव्हरशेजारी बसून माळीवाड्याला येते. पोरगं तिकिटाशिवाय प्रवास करू शकत नाही, डबा करतो. विद्यार्थ्यांच्या पासात भाड्याचा एक तृतीयांश भरावा लागतो. भाकरीला तेवढाही नाही. माळीवाडा स्टँडवर सकाळी दहाला उभे राहा : प्रत्येक गाडीपाशी दोन-तीन पोरं, प्रत्येकाची नजर केबिनकडे, आणि एकसारख्या स्टीलच्या डब्यांतून आपला ओळखायची प्रत्येकाची खूण वेगळी. कुणाचा लाल दोरा, कुणाची जुन्या साडीची चिंधी. २०२१ च्या दिवाळीत एसटीचा संप सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. तेव्हाची वरच्या खोलीतली मुलं आजही भेटली की संपाची आठवण काढतात आणि त्यात विलीनीकरणाचा उल्लेख एकदाही येत नाही, फक्त भाकरीचा येतो.

खिळ्याला टांगलेल्या वहीकडे आता वळतो, कारण माझा जीव खरा तिच्यात अडकला आहे. ही उसनवारीची वही. पाथर्डी ती लिहितो, तो बी.एस्सी. कॉम्प्युटरला आहे, पण हिशेबाला कागदच बरा, असं त्याचं मत. माझंही तेच. तीन रकाने : कोणाचे, किती, कधी देणार. तिसरा रकाना वाचण्यासारखा असतो. 'गावरान निघाल्यावर.' 'वीस तारखेचं दूध.' 'लिंबू.' 'कारखान्याचा दुसरा हप्ता (आला तर).' संपूर्ण वहीत एकही तारीख अशी नाही की जिच्यामागे एखादी गाय किंवा एखादं वावर उभं नाही.

मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय आली आणि उसनवारीतली सगळी कला गेली, असं माझं मत आहे. आमच्या वेळी 'सुट्टे नाहीत' या दोन शब्दांवर माणूस महिना काढत असे. आता चहाच्या टपरीवरही कोड चिकटवलेला. सात रुपयांचा चहा, सात रुपये वळते. शिल्लक लपवता येत नाही, कारण शेजारी उभा असलेला आपल्या खांद्यावरून बघतो. उरला फक्त मौनाचा मार्ग. नगरजवळच्या अरणगावात मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ ला मौन धरलं आणि १९६९ मध्ये देह ठेवीपर्यंत पाळलं. श्रीगोंद्याने संगमनेरकडून तीनशे घेतले तेव्हापासून तोही त्याच वाटेवर आहे. बाबा निदान अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून बोलत. हा निळी टिक आली तरी उत्तर देत नाही.

वाढदिवस हा या सगळ्या नियोजनावर पडणारा दरोडा. ज्याचा वाढदिवस त्याने पार्टी द्यायची, वर मार खायचा, वर केक तोंडाला फासून घ्यायचा, आणि केकचे पैसेही शेवटी त्याच्याच अंगावर. आमच्या शहरात वाढदिवसाचे फ्लेक्स चौकाचौकांत लागतात; भाऊ, दादा, आधारस्तंभ. वरच्या खोलीतला प्रत्येक जण आपला वाढदिवस जन्मदाखल्याइतकाच जपून, म्हणजे ट्रंकेच्या तळाशी ठेवतो. संगमनेरने तर मला दम भरला होता : "काका, करारनाम्याबरोबर आधारची झेरॉक्स दिलीय तुम्हाला. तारीख कुणाला सांगायची नाय."

संगमनेरच्या घरच्या पैशाची आणखी एक गंमत. ऑगस्ट २०२४ मध्ये आईच्या खात्यावर लाडक्या बहिणीचे पहिले दोन हप्ते, तीन हजार, जमा झाले. तिने त्यातले पाचशे लेकाला पाठवले आणि फोनवर सांगितलं, "पप्पांना बोलू नको." चार दिवसांनी वडिलांनी दुधाच्या पगारातून पाचशे पाठवले : "आईला सांगू नको, नाहीतर ती काटकसर करते." तेव्हापासून दर महिन्याला हे दोन पाचशे दोन वाटांनी येतात आणि संगमनेरची सारी बुद्धी कोणाला काय माहीत नाही हे लक्षात ठेवण्यात खर्च होते. त्याच्या गुणपत्रिकेवर याचा परिणाम दिसतो, असं मी म्हणणार नाही, पण दिसतो.

समोरच्या बंगल्यात मुलींच्या खोल्या आहेत. तिथे एवढा गोंधळ नाही. एसटीचं तिकीट मार्च २०२३ पासून निम्मं. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी जुलै २०२४ पासून माफ. आणि मुख्य म्हणजे त्यांच्याकडे मीठ कधी संपत नाही. वरच्या खोलीतून वाटी घेऊन कोणी समोर गेलं की मीठ मिळतं, पण समोरच्या काकूंच्या देखरेखीखाली, गेटवर, आणि समजुतीच्या दोन शब्दांसह. पारनेर ते समजुतीचे शब्द ऐकायला मीठ असतानाही जातो, असा माझा अंदाज आहे.

पाथर्डीची गोष्ट हसत सांगता येते, कारण तो स्वतःच ती हसत सांगतो. भटक्या विमुक्त आणि ओबीसी मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. ज्याला वसतिगृह मिळालं नाही त्याला महापालिकेच्या गावात वर्षाला ५१,००० रुपये : भोजनाला २८,०००, निवासाला १५,०००, निर्वाहाला ८,०००. सावित्रीबाई स्वतः नगरला मिस फॅरारबाईंकडे अध्यापनाचं शिक्षण घेऊन गेल्या, त्या नावाने नगरात शिकणाऱ्या पोराला जेवण मिळावं, हे मला फार आवडलं. वर्षाचे अठ्ठावीस हजार दहा महिन्यांत वाटले तर महिन्याला बरोबर अठ्ठावीसशे, मावशींचा दर! मी उत्साहाने पाथर्डीला अर्जाला बसवलं. उत्पन्नाचा दाखला हवा. दाखल्यासाठी वडिलांच्या आधारचा ओटीपी हवा. ओटीपी वडिलांच्या फोनवर येतो. फोन कोपीत, चार्जिंगला लावलेला. बाप फडात, कोयता हातात. आणि ओटीपी दहा मिनिटांत मरतो.

वडिलांनी मग फोन पदराला बांधून आईला फडात उभं केलं. ओटीपी आला. आईला वाचता येत नाही. शेजारच्या कोयत्यावरचं आठवीतलं पोरगं धावत आणलं. त्याने सहा आकडे वाचले, इकडे पाथर्डीने टाइप केले, चूक झाली, पुन्हा ओटीपी, पुन्हा पोरगं. मुकादम ओरडत होता, ट्रॅक्टर थांबला होता. इकडे आम्ही पाचही जण त्या टेबलाभोवती श्वास रोखून उभे. चौथ्या वेळी दाखल्याचा अर्ज गेला. सांगताना पाथर्डी म्हणतो, "काका, त्या दिशी अर्धा टन ऊस कमी भरला आमचा. पहिला हप्ता आला की आधी तेवढं वजा करायचं." वहीत त्याने तेही लिहून ठेवलं आहे : आई, अर्धा टन.

कॉलेजमध्ये 'कमवा आणि शिका' योजना आहे, त्यातही तो जातो. कर्मवीर भाऊराव पाटलांची ही कल्पना. त्यांच्या बोर्डिंगातल्या पोरांसाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं, हे मी पाथर्डीला सांगायला गेलो तर त्याला ते पाठ होतं. त्याची तक्रार वेगळी होती. कॉलेजच्या बागेतलं गवत काढायचं काम मिळालं होतं. म्हणाला, "घरी हेच करायला लागू नये म्हणून बापाने इथं धाडलं, आणि इथं आल्यावर पहिल्यांदा खुरपंच हातात दिलं. पण इथं तासावर पैसे देत्यात. घरी नुसत्या शिव्या."

मी कधीकधी त्यांना इतिहासाची गोळी देतो. आपल्या भुईकोट किल्ल्यात १९४२ पासून नेहरू, पटेल, मौलाना आझाद स्थानबद्ध होते. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथे लिहिलं, आझादांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं. आझादांना पहाटे उठून स्वतःच्या हाताने उत्तम चहा करून प्यायची आवड. एवढ्या अडचणीत माणसं एवढं काम करतात, असा माझा मुद्दा होता. संगमनेर शांतपणे म्हणाला, "खोलीभाडं नाही, मेसचं बिल नाही, चहा स्वतःचा. पुस्तक होणारच की, काका."

"अरे, तुरुंग होता तो!"

"मग? आमचं पण गेट तुम्ही दहाला लावता."

गेल्या महिन्याच्या तीस तारखेला सिलिंडरवाला दारात उभा राहिला. माझ्या पाकिटात दोनशे कमी होते. मोबाइलवरून पाठवावेत तर पडद्यावर ते पांढरं चाक गरगर फिरत बसलेलं. हिचं पाकीट हिच्याबरोबर भिशीला गेलेलं. सिलिंडरवाला घड्याळाकडे बघू लागला. मी जिन्यात उभा राहून वर हाक मारली. पाथर्डी खाली आला, काही न विचारता दोनशेची नोट दिली आणि वर गेला.

संध्याकाळी मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेलो, तर दार उघडं आणि चौघे वहीभोवती. पहिल्या रकान्यात 'पाथर्डी' लिहून झालं होतं, त्यापुढे कंसात 'काका'. दुसऱ्यात दोनशे. पाथर्डी पेन धरून तिसऱ्या रकान्यापाशी थांबला होता.

"घाई नाही काका," तो म्हणाला. "फक्त तुमचं काय निघायचंय तेवढं सांगा. म्हणजे लिहितो."

"माझं काय निघणार? पेन्शन."

"कधी निघते?"

"एक तारखेला."

"पाऊस पडला तरी?" पारनेरने विचारलं.

"पडला तरी."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. पाथर्डीने तिसऱ्या रकान्यात '१ तारीख' लिहिलं, त्याखाली दोन रेघा ओढल्या, आणि श्रीगोंदा कितीतरी दिवसांनी तोंड उघडून म्हणाला, "काका, तीनशे मिळतील का? संगमनेरचे द्यायचेत."